अक्रोडाखालची गाडी

कोर्नेत, मार्च १९६७

प्रिय नीस्तोर,

तुझ्या घरचा पत्ता कुणी सांगत नाही, म्हणून पाकिटावर ‘नीस्तोर प्रुनारू, पंतप्रधान, बुखारेस्ट’ एवढंच लिहिलंय. पोस्टातला दोब्रे म्हणाला, "पुरे आहे, स्तांका. तिथे तेवढा एकच आहे."

बातमी रेडिओवर ऐकली. ओप्रेआने आवाज इतका वाढवला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. आई घेवडा निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता त्याला सुट्टी मिळेल का?"

ओप्रेआ म्हणाला, "आई, आता सगळ्या देशाला सुट्टी तोच देणार."

"मग स्वतःला का देत नाही?"

तुझ्या मेव्हण्याने रेडिओचा आवाज कमी केला. 

सहकारी दुकानात मोठ्या लोकांच्या रांगेत तुझा फोटो लागलाय, डावीकडून तिसरा. आई रोज काड्यापेटी आणायला जाते आणि फोटोसमोर उभी राहून तुला बोलून येते. हडकलास म्हणते, गळ्याशी काही गुंडाळत जा म्हणते. घरात काड्यापेट्यांचा ढीग झालाय. दुकानदार म्हणतो, ही म्हातारी एक दिवस गाव पेटवणार.

चौदाव्या वर्षी तू क्रायोवाच्या रेल्वे कारखान्यात गेलास, तेव्हा आईने तुला शिदोरीत सहा उकडलेली अंडी दिली होती, आणि तू ती गावाबाहेर पडायच्या आधीच संपवलीस, हे ती हल्ली सगळ्यांना सांगते. संपानंतर पोलीस शोधत होते तेव्हा पाद्री सावूंनी तुला चर्चच्या घंटेखाली लपवलं, ते मात्र सांगत नाही. तेवढी शहाणी आहे. तू पकडला गेल्यावर तुरुंगाच्या दारात कांदा-भाकरी घेऊन बसायची तेही सांगत नाही. तू जिल्ह्याचा सेक्रेटरी झालास, मग रेल्वेमंत्री झालास. प्रत्येक वेळी तिला वाटलं, आता येईल. तू मंत्री असतानाच सामुदायिक शेतीवाल्यांनी आपली जोयाना गोठ्यातून सोडून नेली. आई गाईच्या मागे वेशीपर्यंत गेली. परत आल्यावर म्हणाली, "नीस्तोरला कळवू नका, वाईट वाटेल त्याला." ओप्रेआने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला गप्प बसायची खूण केली.

तुझ्याकडे मागायचं असं काही नाही. छपराला पत्रे नकोत, ओप्रेआला नोकरी नको. आईचं एक मागणं आहे, ते मी तिच्या शब्दांत लिहिते: "माझी पेटी निघेल तेव्हा पुढे सावू, मागे नीस्तोर, मध्ये मी. एवढं झालं की मला काही नको."

घाई नाही. ती ठणठणीत आहे. तू ईस्टरला ये, लाल अंडी रंगवून ठेवते.

तुझी ताई,
स्तांका

कोर्नेत, नोव्हेंबर १९७१

नीस्तोर,

मागच्या पत्राला छापील कार्ड आलं होतं. ‘आपल्या शुभेच्छांबद्दल कॉम्रेड पंतप्रधान आभारी आहेत.’ आईने ते येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवलंय. तिला वाटतं सही तुझी आहे. ती पण छापलेली आहे, हे मी सांगितलं नाही.

आता मात्र ये. ती अंथरुणाला लागली आहे. जेवण म्हणजे दुधात कालवलेला मक्याचा मामालिगा, तोही चार घास. डोकं मात्र शाबूत आहे. परवा स्वतःच्या मेणबत्तीसाठी मला माप घ्यायला लावलं, डोक्यापासून टाचेपर्यंत. मेण लावलेल्या वातीचं वेटोळं करून छातीवर ठेवायचं असतं, तुला आठवत असेल. दोरा धरला तर म्हणते, "घट्ट ओढू नकोस. तोपर्यंत आणखी आखडेन मी."

चौकांसाठी लागणारं कापड तिने कधीच विणून ठेवलंय. पेटी प्रत्येक चौकात थांबली पाहिजे, कापड खाली अंथरलं पाहिजे, सावूंनी वाचलं पाहिजे, तरच वरच्या वाटेवर आत्म्याचा एकेक नाका पार होतो, हे ती मला रोज पाठ म्हणून दाखवते, मी विसरेन या भीतीने. ओप्रेआ थट्टेने म्हणाला, "आई, तुमचा मुलगा सरकार आहे, तुम्हाला कोण अडवणार?" ती म्हणाली, "वरच्या नाक्यांवर नीस्तोरची ओळख चालत नाही. तिथे सावूचीच चालते."

इथे तुर्कू म्हणून पक्षाचा नवा सेक्रेटरी आलाय. रोज दारात येऊन आईची तब्येत विचारतो. इतका मायाळू माणूस मी पाहिला नव्हता. गेल्या आठवड्यात त्याने मोठ्या रस्त्यापासून कबरस्तानापर्यंत खडी टाकून घेतली. आईला खिडकीतून रोलरचा आवाज आला. म्हणाली, "माझ्यासाठी रस्ता करतायत. आता मेले नाही तर बरं दिसणार नाही."

हसू नकोस. ये. गाड्या नकोत, माणसं नकोत. अंधार पडल्यावर मागच्या दाराने आलास तरी चालेल. ती तुला आवाजावरून ओळखेल.

स्तांका

कोर्नेत, फेब्रुवारी १९७२

कॉम्रेड पंतप्रधान,

तुमच्या आईला पुरून नऊ दिवस झाले. तुम्ही आला होतात, पण गाडीतून तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून काय झालं ते कळवते.

ती मंगळवारी पहाटे गेली. मी तुर्कूला सांगितलं नव्हतं, तरी दिवस वर यायच्या आत तो दारात हजर, डोक्यावरची टोपी हातात. म्हणाला, "तुम्ही आता कसलीच काळजी करायची नाही. सगळं आम्ही बघतो." मी म्हटलं, काळजी करण्यासारखं काही नाही, सावूंना सांगितलंय. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि गेला.

पुरायच्या दिवशी सकाळी सावू चर्चमधून निघाले, तर त्यांना ग्रामपरिषदेच्या कचेरीत बोलावून घेतलं. चर्चच्या छपराचे कुठलेसे कागद तपासायचे होते. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, मांडीवर पूजेच्या कपड्यांची पिशवी. कचेरी झाडणारी लीना सांगत होती, म्हातारा सारखा काहीतरी पुटपुटत होता. तुर्कूने विचारलं, "काय बाबा, दात दुखतोय?" त्यांनी हो म्हणून मान हलवली. भेदरला असेल बिचारा. मी तुर्कूला गाठून विचारलं, हे काय चालवलंय? तो म्हणाला, "पंतप्रधान येणार आणि पुढे पाद्री चालणार? वरून आदेश आहे."

वरून म्हणजे तुमच्याकडून. आणखी वर तर कुणी राहत नाही.

पुढे सावूंच्या जागी खाणीवरचा बँड होता. चांगली तरुण पोरं, गालांना थंडीने भेगा पडलेल्या. तुमच्या सरकारकडून आलेलं फुलांचं चक्र चार शिपायांनी उचललं होतं. ते इतकं मोठं की कबरस्तानाच्या फाटकातून जाईना. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, शेवटी भिंतीवरून पलीकडे दिलं. तेवढा वेळ आईची पेटी रस्त्यावर ताटकळत होती. ती तेवढीच थांबली. चौकांत कुठेही थांबली नाही, कारण गाड्यांना परत जायचं होतं.

विहिरीपाशी मी एकटीच पुढे झाले आणि कापड अंथरलं. बँड त्यावरून गेला. मागून एक शिपाई पळत आला, कापड उचलून झटकून, नीट घडी करून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "मावशी, तुमचं हे पडलं." त्याला मी काय बोलणार? आभार मानले.

जिल्ह्यातून आलेल्या साहेबाने भाषण केलं. आई आयुष्यभर समाजवादासाठी लढली, असं म्हणाला. बायका खाली बघत होत्या. जोयानाला नेलं त्या दिवशी आई कशी लढली होती ते सगळ्या गावाला माहीत आहे.

आणि तुम्ही. अक्रोडाच्या झाडाखाली तीन काळ्या गाड्या होत्या, मधलीला पडदे. मला वाटलं, माती टाकायला तरी उतराल. मूठभर माती. पेटी खाली सोडली, मी मागे वळून पाहिलं, पडदा तसाच. सगळं उरकल्यावर मी गाडीकडे गेले. एका माणसाने हात आडवा धरला. "कॉम्रेड पंतप्रधानांना उशीर होतोय."

मी म्हटलं, "मी त्यांची बहीण आहे."

तो म्हणाला, "माहीत आहे."

गाड्या निघून गेल्या. तुर्कूने घातलेल्या खडीवरून, अजिबात धूळ न उडवता.

पुढे सावू नाही, मागे नीस्तोर नाही. मधली तेवढी होती. तुम्ही आला नसतात तर निदान सावू असते. इतकी वर्षं तिने तुमची वाट पाहिली, आणि तुम्ही आलात तेच तिला भोवलं. याचं उत्तर मला छापील कार्डावर नको.

स्तांका, रादा प्रुनारूची मुलगी

कोर्नेत, सप्टेंबर १९७८

नीस्तोर,

वहिनींनी दोन ओळी लिहून पत्ता कळवला, म्हणून लिहिते. त्यांनी लिहिलं नसतं तर मी लिहिलं नसतं, खोटं कशाला बोलू.

तुला काढल्याचं रेडिओवर ‘अन्य जबाबदारी सोपवली’ असं सांगितलं होतं. नंतर कळलं की डॅन्यूबच्या मुखाशी मत्स्यपालन मंडळावर पाठवलं. ओप्रेआ म्हणाला, मासे तरी टाळ्या वाजवत नाहीत, त्याला आराम पडेल. मग पेन्शन. दुकानातला तुझा फोटो आधी डावीकडून सहावा झाला, मग एक दिवस दुकानदार मागच्या दाराने आमच्याकडे आला, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. म्हणाला, "जाळायला हात होत नाही आणि ठेवायला छाती होत नाही. तूच ठेव." कोठीघरात आहे, बिहीच्या फळांशेजारी. हिवाळ्यात त्याला चांगला वास लागतो.

तू कधी उत्तर दिलं नाहीस म्हणून तुला दोष देत नाही. आई गेल्यावर मी एक पत्र पाठवलं होतं, ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. मला हे त्याच वर्षी उन्हाळ्यात कळलं. तुर्कू ते हातात घेऊन माझ्या दारात आला. तुझ्या कार्यालयाने वर शिक्का मारला होता, ‘तक्रार योग्य कार्यवाहीसाठी स्थानिक अधिकाऱ्यांकडे’. स्थानिक अधिकारी तोच. माझ्या टेबलाशी बसून त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, स्वतःचं नाव आलं तिथे खाकरला. मग म्हणाला, तक्रारीचं निवारण झालं असं इथे लिहून दे. मी लिहून दिलं. ओप्रेआच्या नोकरीचा प्रश्न होता. माझं पत्र मात्र मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि चुलीत घातलं.

त्यात काय होतं ते आता कागदावर लिहीत नाही. समोर आलास की बोलेन. ते तुला ऐकावंच लागेल.

कारण आता तुला यायचं आहे. सात वर्षं होत आली, आईला वर काढायचंय. बाबांच्या वेळी केलं तसंच. हाडं वाइनने धुवायची, पांढऱ्या पिशवीत घालून पुन्हा ठेवायची. वाइन मुलाने ओतायची असते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासातल्या, शनिवारी करू म्हणतायत सावू, ते अजून आहेत, ऐंशीच्या पुढे गेलेत, पण उभे राहतात. तुर्कूची बदली झाली. तुला आता कुणी बघत नाही, बसने येऊ शकतोस.

मला एकटीला भीती वाटते. ज्याचे विधी नीट झालेले नसतात त्याच्या देहाची नीट माती होत नाही, असं इथे मानतात. पलीकडची सुल्ताना म्हणते, तिला आई विहिरीपाशी उभी दिसते. मी तिला म्हटलं, डोळे तपासून घे. पण मी संध्याकाळी त्या वाटेने जात नाही.

ये.

स्तांका

कोर्नेत, मार्च १९७९

नीस्तोर, बाळा,

तुझं पत्र आलं. अक्षर वहिनींचं असलं तरी शब्द तुझे आहेत हे ओळखू आलं. तू झोपून आहेस आणि येऊ शकत नाहीस, यात माफी मागण्यासारखं काही नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही वहिनींनी खाली बारीक अक्षरात लिहिलंय. ते मी वाचलं.

तू लिहितोस: ‘ताई, मी गाडीतून उतरलो नाही याचा तुला राग असेल. मी मुद्दामच उतरलो नाही. मी पेटीच्या मागे उभा राहिलो असतो, तर सावूंना पुढे उभं राहू दिलं नसतं. दोघांपैकी एकच तिथे असू शकत होता. मला वाटलं, आईला माझ्यापेक्षा त्यांची गरज जास्त आहे. बँडमुळे त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. आयुष्यात पुष्कळ गोष्टींवर सह्या केल्या, त्यांतल्या किती चांगल्या होत्या माहीत नाही. त्या दिवशी गाडीत बसून राहिलो, ही एक गोष्ट बरी केली असं वाटतं. सावूंनी नीट म्हटलं ना? आणि तुझ्या त्या पत्रात काय होतं?’

हे वाचून मी जरा अंगणात जाऊन आले. कोंबड्यांना दाणे टाकायचे होते.

आता सांगते. वहिनी, हे त्याला सावकाश वाचून दाखवा.

पत्रात विशेष काही नव्हतं. फुलांच्या चक्राबद्दल आभार मानले होते, आणि थोडी कुरकुर, की ते फाटकातून जाईना. तुर्कूला तेवढंही खुपलं. मला राग होता तो तू जेवायला थांबला नाहीस याचा. बाकी काही नाही.

सावू सकाळीच आले. पुढे तेच होते, काळ्या-सोनेरी कपड्यात. बँडने हट्टाने वाजवलं खरं, पण गावाच्या वेशीवर पोरं थकली आणि मागे पडली. प्रत्येक चौकात आम्ही थांबलो. विहिरीपाशी मी कापड अंथरलं, आणि सगळे त्यावरून चालत गेले, एकही जण बाजूने गेला नाही. एक तरुण शिपाई होता, त्यानेसुद्धा आधी बुटांचा चिखल पुसला. सावू वाचत होते तेव्हा इतकी शांतता होती की मेणबत्तीची वात तडतडल्याचं ऐकू येत होतं. तुला ऐकू आलं नाही, कारण वारा नदीच्या बाजूला होता.

आणि पेटी खाली सोडताना मी मागे वळून पाहिलं. अक्रोडाखाली तुझी गाडी होती. फाटकापासून अक्रोडापर्यंत असं कितीसं ते अंतर! तेवढ्यावर मुलगा मागे होता असंच म्हणायचं. आई मधे होती. तिने सांगितलं होतं तसंच सगळं झालं. ते तुझ्यामुळे झालं, नीस्तोर. तू उतरला असतास तर झालं नसतं.

आता परवाचं सांगते. शनिवारी तिला वर काढलं. थंडी होती, पण ऊन होतं. मी घाबरून डोळे मिटून घेतले होते. ओप्रेआने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघ तरी." हाडं स्वच्छ होती, पिकलेल्या बिहीसारखी पिवळी. सावू म्हणाले, अशी माती फार थोड्यांची होते. वाइन मी ओतली, एकदा माझ्या नावाने, एकदा तुझ्या. तुझ्या वेळची जरा जास्त पडली. आईने दिलं असतं तसं. मग मेलेल्यांच्या नावाने करतात ती गव्हाची गोड कोलिवा सगळ्यांना वाटली, त्यात त्याच झाडाचे अक्रोड घातले होते. तुझ्यासाठी एक वाटी पाठवतेय, वहिनींनी चमच्याने भरवावी, नुसतं ओठाला लावलं तरी पुरे.

सुल्ताना म्हणते आता विहिरीपाशी कुणी दिसत नाही.

आता पडून राहा. कशाचा विचार करू नकोस. दुखलं तर दुखतंय म्हण, पंतप्रधानासारखा दात आवळून सोसू नकोस.

तुझी ताई,
स्तांका

सावूंना मी काही सांगितलं नाही, काही मागितलं नाही. फक्त तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, आणि माझ्याकडे पेन मागितलं. खाली त्यांचं अक्षर आहे. ओळी वाकड्या गेल्यात, सांभाळून वाचावं लागेल.

*नीस्तोर, त्या दिवशी तुझ्या आईसाठी मी सगळं म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येक चौकाचं वेगळं. दात दुखत होता, तरी एकही ओळ गाळली नाही. सावू.*